सँटोरिनीत जहाज नऊ तास थांबणार: खाजगी गाडी आणि गाईड घ्यावा का, कसा?

उंबरठा

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरमध्ये अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून सुटणारी सात रात्रींची क्रूझ ठरली आहे. ग्रीसच्या सँटोरिनी बेटाला जहाज सकाळी ७ ला पोहोचतं आणि किनाऱ्यावरून परतायची शेवटची बोट दुपारी ४ ला आहे. आम्ही पाच जण: आम्ही दोघं, चौदा वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे. दोघंही सत्तरीपुढचे. सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात; सपाटीवर अर्धा-पाऊण तास आरामात चालतात, जिने मात्र नकोत.

जहाजाच्या सहलीत बसभर माणसं आणि हातात झेंडा धरलेला गाईड, ते नको आहे. म्हणून चार-पाच तासांची खाजगी सहल बघतेय. प्रश्न असे:

१. गाडीवाला नेमका कुठे भेटतो? बंदरावर की वर गावात?
२. काही ठिकाणी 'ड्रायव्हर-गाईड' लिहिलंय, काही ठिकाणी 'परवानाधारक गाईड'. दरात बराच फरक आहे. तो देण्यासारखा आहे का?
३. ईया गाव, अक्रोतिरीचं उत्खनन, काळ्या वाळूचा किनारा, लाल वाळूचा किनारा, वायनरी (वाइन बनवतात ती जागा), एवढं सगळं पाच तासांत दाखवतो म्हणतात. जमतं का?
४. वेळेत जहाजावर परत येण्याची खात्री कशी करायची?

---

गलबत

चौथ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकी तिन्हींची उत्तरं त्यावर ठरतात.

सँटोरिनीला मोठी जहाजं धक्क्याला लागत नाहीत. बेट म्हणजे ज्वालामुखीच्या बुडालेल्या मुखाची कड. आतल्या बाजूला पाणी इतकं खोल आहे की जहाजं मध्ये उभी राहतात आणि छोट्या बोटी प्रवाशांना किनाऱ्यावर नेतात. या बोटी फिरा गावाच्या बरोबर खाली, जुन्या बंदरावर सोडतात. तिथून गाव सरळ डोक्यावर, सुमारे २२० मीटर उंच. गाडीरस्ता नाही. वर जायचे तीन मार्ग: केबल कार, ५८८ पायऱ्या, नाहीतर त्याच पायऱ्यांवरून गाढवं-खेचरं. तुमच्याकडे सासूबाई आहेत, म्हणजे केबल कारच.

आता तिचं गणित बघा. एका वेळी सहा डबे वर जातात आणि सहा खाली येतात, प्रत्येकात सहा माणसं. म्हणजे एका फेरीत एका दिशेला ३६ जण. प्रवास जेमतेम तीन मिनिटांचा, पण डबे भरायला आणि रिकामे व्हायला वेळ जातो. एका मध्यम जहाजावर दोन-अडीच हजार माणसं असतात आणि गर्दीच्या दिवसात तीन-चार जहाजं उभी असतात. बेटाने २०२५ पासून दिवसाला ८,००० क्रूझ प्रवाशांची मर्यादा घातली आहे, पण आठ हजारही या छत्तीसच्या हिशेबात कमी नाहीत. सकाळी ही माणसं आपापल्या वेळेने वर जातात, दुपारी मात्र सगळ्यांना एकदमच खाली यायचं असतं. गर्दीच्या दिवशी उतरायची रांग तास-दीड तासाची होते, आणि ती गावातल्या अरुंद गल्लीत, उन्हात उभी असते.

त्यामुळे उलटं मोजा. शेवटची बोट ४ ची, तर खाली बंदरावर ३ पर्यंत असायला हवं. म्हणजे वरच्या रांगेत जास्तीत जास्त दीड वाजता. गाडीवाल्याने सव्वा वाजता फिरात सोडलंच पाहिजे. सकाळी पहिल्या बोटींपैकी एक मिळाली तर सव्वाआठला वर. हातात बरोबर पाच तास राहतात. ही पाच तासांची चौकट ऑपरेटर ठरवत नाही, केबल कार ठरवते.

जहाजाकडून सहल घेतली असती आणि उशीर झाला असता तर जहाज थांबलं असतं. खाजगी सहलीसाठी ते थांबत नाही. पुढचं बंदर स्वतःच्या खर्चाने गाठावं लागतं.

भेटण्याची जागा: केबल कारच्या वरच्या स्टेशनाबाहेर, हातात नावाची पाटी. गाडी तिथपर्यंत येत नाही. फरसबंद गल्लीतून पाच-दहा मिनिटं चालून रस्त्यावर यावं लागतं. वाट थोडी चढ-उताराची आहे, पण जमेल. एक गोष्ट सासूबाईंना आधीच सांगून ठेवा: केबल कारच्या स्टेशनातही पायऱ्या आहेत. डबे तारेवर उताराने एकामागे एक लटकलेले असतात, त्यामुळे फलाटही पायऱ्या-पायऱ्यांचा आहे. तुम्हाला कुठला डबा मिळतो त्यावर किती चढायचं ते ठरतं. तिथल्या माणसाला गुडघ्याकडे बोट दाखवून जवळचा डबा मागायला लाजू नका.

---

चुनखडी

प्रश्न २ बद्दल.

ग्रीसमध्ये उत्खननस्थळं आणि संग्रहालयांत माहिती सांगण्याचा अधिकार फक्त परवानाधारक गाईडला आहे. त्यासाठी रीतसर शिक्षण घ्यावं लागतं, ओळखपत्र गळ्यात असतं. 'ड्रायव्हर-गाईड' म्हणजे चांगलं इंग्रजी बोलणारा, बेटाची माहिती असलेला चालक. तो गाडीत आणि रस्त्यावर हवं ते सांगेल, पण अक्रोतिरीच्या फाटकाशी तुम्हाला सोडून बाहेर थांबेल. त्यात त्याचा आळस नाही. आत बोलताना सापडला तर दंड होतो.

म्हणून निर्णय सोपा आहे. अक्रोतिरी बघायचं असेल तर परवानाधारक गाईडचे जादा पैसे सार्थकी लागतात. नुसतं ईया, पिरगोस गाव आणि समुद्रकिनारा असेल तर चांगला चालक पुरे, गाईडचे पैसे वाचवा.

अक्रोतिरीला गाईड का लागतो ते सांगते. हे कांस्ययुगातलं बंदराचं शहर. इसवीसनपूर्व १६०० च्या आसपास ज्वालामुखी फुटला आणि ते राखेखाली गाडलं गेलं. पुरातत्त्वज्ञ स्पिरिदोन मारिनातोस यांनी १९६७ मध्ये खोदकाम सुरू केलं आणि १९७४ मध्ये तिथेच त्यांचा मृत्यू झाला. सगळं ठिकाण आता मोठ्या छपराखाली आहे. आधीचं नवं छप्पर २००५ मध्ये कोसळून एक पर्यटक दगावला होता, त्यानंतर २०१२ पर्यंत जागा बंद होती. आत शिरल्यावर दिसतात त्या मातीच्या रंगाच्या भिंती, दगडी चौकटी आणि रांजण. ज्या रंगीत भित्तिचित्रांसाठी हे गाव प्रसिद्ध आहे ती इथे नाहीत. काही अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आणि काही फिरातल्या प्रागैतिहासिक संग्रहालयात. गाईडशिवाय गेलेली माणसं वीस मिनिटांत बाहेर येऊन 'काही नव्हतं' म्हणतात, ती याचमुळे.

सोबत जाणकार असला की तेच दगड बोलायला लागतात. फरसबंद गल्लीखालून गेलेलं गटार, 'पश्चिम घर' म्हणतात त्या घरात वरच्या मजल्यावर असलेला संडास आणि भिंतीतून खाली गटाराला जोडलेली मातीची नळी, हे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं! भूकंपाने दुभंगलेला दगडी जिना तर मुद्दाम दाखवायला सांगा, प्रत्येक पायरी मधोमध तुटलेली आहे. आणि ज्वालामुखीने गाडलेल्या इटलीतल्या पाँपेई शहरासारखे सांगाडे इथे सापडले नाहीत. लोक आधीच्या भूकंपांनी सावध होऊन निघून गेले असावेत, असं मानलं जातं. चौदा वर्षांच्या मुलीला हे नक्की आवडेल.

सासूबाईंच्या दृष्टीनेही ही जागा सोयीची. छप्पर असल्यामुळे ऊन नाही, आणि चालायची वाट तयार केलेली आहे. तास-सव्वा तास लागतो. तिकीट सहलीच्या दरात बहुतेक वेळा धरलेलं नसतं. सरकारी ई-तिकीट आधी काढता येतं. आठवड्याची सुट्टी आणि त्या दिवसाची वेळ तिकिटाच्या संकेतस्थळावर बघूनच वार ठरवा, ऑपरेटरच्या शब्दावर नको.

---

आडवाटेचा

थोडा वेगळा सूर लावतो.

वरचं सगळं बरोबर आहे, पण गुडघेदुखी असलेलं माणूस सोबत असताना जहाजाची सहल इतकी वाईट नाही. कारण असं: जहाजाच्या सहलीची बोट जुन्या बंदरावर जातच नाही. ती दक्षिणेकडच्या अथिनिओस बंदराला जाते, जिथे मोठ्या फेरीबोटी लागतात आणि गाडीरस्ता आहे. बस तिथेच उभी असते. म्हणजे सकाळची केबल कार पूर्ण वाचते. शिवाय सहलीवाल्यांना जहाजावरून आधी उतरवतात. स्वतंत्र प्रवाशांना बोटीचे नंबर मिळतात आणि ते पुकारायची वाट बघावी लागते. 'पहिल्या बोटीने जाऊ' हे म्हणायला सोपं आहे. जहाजाच्या सहली उतरल्याशिवाय बाकीच्यांना सोडत नाहीत, असं बऱ्याच जहाजांवर चालतं. मग सव्वाआठचे नऊ-साडेनऊ होतात आणि गलबत यांच्या पाच तासांतला एक तास तिथेच जातो.

खाजगी गाडीवाले अथिनिओसला तुम्हाला घ्यायला येऊ शकत नाहीत, कारण तुमची बोट तिकडे जातच नाही.

---

गलबत

आडवाटेचा, मुद्दा बरोबर, पण अर्धाच. परतीला जहाजाची सहलसुद्धा फिरातच सोडते. हातात केबल कारचं तिकीट देतात आणि 'आता तुमचं तुम्ही या' म्हणतात. जी रांग त्रासदायक असते, म्हणजे दुपारची, ती कुणालाच चुकत नाही. उलट मोठ्या सहली दीड-दोनच्या सुमाराला एकदम सुटतात आणि त्यांचीच ती रांग असते. खाजगी सहलीत निदान त्याआधी तासभर येणं आपल्या हातात आहे.

सकाळच्या नंबरवर दोन उपाय. एक, आदल्या संध्याकाळीच जहाजाच्या सेवाकक्षात विचारायचं की बोटीचे नंबर कुठल्या हॉलमध्ये आणि किती वाजता वाटणार. पाचही जणांनी एकत्र हजर राहायचं. अनेक जहाजांवर एकाने जाऊन बाकीच्यांचे नंबर घेता येत नाहीत. नाश्ता त्याआधी. दुसरा उपाय म्हणजे जुन्या बंदरावरून ईयाला जाणारी बोट. धक्क्यावरच तिकीट विकतात: बोटीने ईयाखालच्या किनाऱ्यावर, तिथून त्यांच्या बसने वर ईयात, आणि नंतर बसने फिरा. म्हणजे केबल कारची रांग मोठी असेल तर ती टाळून थेट ईया गाठता येतं, आणि गाडीवाल्याला फिराऐवजी ईयाच्या वाहनतळावर बोलवायचं. हे त्याच्याशी आधी ठरलेलं असलं पाहिजे, नाहीतर तो फिरात पाटी धरून उभा आणि तुम्ही समुद्रात.

प्रश्न ३: सगळं जमत नाही. पाच तासांत तीन ठिकाणं नीट होतात. अंतरं कमी आहेत, फिरा ते ईया जेमतेम ११ किलोमीटर, फिरा ते अक्रोतिरीही साधारण तेवढंच. पण ईया उत्तर टोकाला आणि अक्रोतिरी नैऋत्येला, दोन्हींच्या मध्ये फिरा. एकाकडून दुसरीकडे जाताना पाऊण तास धरा, आणि फिरातून जाताना बस-ट्रक-चारचाकी मोटारसायकली यांचा गुंता असतोच.

सव्वाआठला निघालात असं धरून मी हा क्रम लावीन: थेट ईया, पावणेनऊ ते दहा. दहानंतर तिथे बसेस ओतायला लागतात आणि मुख्य गल्लीत खांद्याला खांदा लागतो. तिथून अक्रोतिरी, पावणेअकरा ते बारा. ऊन चढतं तेव्हा तुम्ही छपराखाली. मग परतीच्या वाटेवर मेगालोखोरी किंवा पिरगोस, तिथेच जेवण, आणि सव्वा वाजता फिरा. पुष्कळ ऑपरेटर सवयीने हाच क्रम उलटा देतात, दक्षिण आधी आणि ईया शेवटी. सकाळी सातला आलेल्या जहाजासाठी ते चूक आहे. अकरा-बारा वाजताच्या ईयात फोटो सोडा, सासूबाईंना टेकायला कट्टासुद्धा मिळणार नाही.

लाल वाळूचा किनारा वगळा. वरची कडा ढासळते, दरडींचा धोका असल्याच्या पाट्या लावलेल्या आहेत आणि वाट खडकाळ. गाडीतून उतरून लांबून दिसतो तेवढाच बघा. अक्रोतिरीपासून तो अगदी जवळ आहे. काळ्या वाळूचे कामारी आणि पेरिसा पूर्वेकडे आहेत. पोहायचं नसेल तर त्यासाठी वळसा घेऊ नका. वायनरी आणि अक्रोतिरी यांतलं एकच ठेवा. चव घ्यायला बसलं की पाऊण तास सहज जातो. तरी द्राक्षवेली रस्त्यावरूनच बघायला मिळतात, चालकाला कुठे तरी दोन मिनिटं थांबवायला सांगा. मांडव नाही, तारा नाहीत. वेल जमिनीलगत टोपलीसारखी गोल वळवलेली असते आणि द्राक्षं त्या टोपलीच्या आत. जोराच्या वाऱ्यापासून घड वाचतात आणि रात्रीचं दव आत टिकतं. कमी पावसाच्या बेटावर हीच युक्ती चालते. नाशिककडच्या मांडवाच्या बागा डोळ्यासमोर असतील तर आधी ती झुडपं पडीक रानच वाटतात.

---

उंबरठा

वा, इतकं सविस्तर! गलबत, चुनखडी, आडवाटेचा, तिघांचेही आभार. क्रम पटला. अक्रोतिरी ठेवते, वायनरी काढते.

अजून थोडं: ईयात निळ्या घुमटांचा तो प्रसिद्ध फोटो कुठून मिळतो आणि तिथे सासूबाईंना किती उतरावं लागेल? दर साधारण किती आणि आगाऊ पैसे द्यावेत का? सासरे शुद्ध शाकाहारी आहेत, कांदा-लसूण चालतो, अंडं नाही. आणि पावसाची भीती नाही ना?

---

तिखटमीठ

सासऱ्यांच्या जेवणाचं मुळीच टेन्शन घेऊ नका. बेटाचं खास खाणं बरंचसं शाकाहारीच आहे.

'फावा' मागवा. पिवळ्या डाळीचं घट्ट वरण समजा, घोटून मऊ केलेलं, वरून ऑलिव्ह तेल, कच्चा कांदा आणि लिंबू. नावावरून पावट्याचा प्रकार वाटेल, पण सँटोरिनीची ही डाळ म्हणजे विदर्भातल्या लाखोळीच्या कुळातली. लाखेची डाळ खाल्लेल्या माणसाला चव ओळखीची वाटेल. सोबत टोमॅटोची भजी मिळतात, 'तोमातोकेफ्तेदेस'. बेटाचे टोमॅटो लहान, जाड सालीचे आणि पाणी कमी असलेले, म्हणून भजी छान कुरकुरीत होतात. यात पिठासोबत कुणी कुणी अंडं घालतं, तेवढं विचारा. पांढरं वांगंही इथलंच, कडवट नसतं; भाजून कालवलेलं मिळतं, आपल्या भरताच्या जवळ जाणारं, फक्त मिरची नाही. फावावर कधी कधी मासा किंवा खारवलेलं मांस घालून देतात, म्हणून 'साधा' असं स्पष्ट सांगा.

ईयातल्या कड्यावरच्या खुर्चीत जेवू नका. तिथे समुद्र दिसण्याचे पैसे लागतात आणि वाढायला तास लावतात. तुमच्याकडे चाळीस मिनिटं आहेत. मेगालोखोरीत किंवा पिरगोसमध्ये चौकातल्या साध्या खानावळीत बसा आणि चालकाला अर्धा तास आधी फोन करून ऑर्डर सांगायला लावा. खाजगी सहल घेण्याचा हा खरा उपयोग, आणि फारच थोडी माणसं तो करून घेतात.

नळाचं पाणी पिऊ नका. समुद्राचं खारं पाणी गोडं करून पुरवतात, धुण्याला ठीक. गाडीत थंड बाटल्या असतात का ते विचारून घ्या, चांगले ऑपरेटर ठेवतात.

संडासात कागद टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा. नळ्या अरुंद आहेत, तुंबतं. ज्येष्ठांच्या दृष्टीने महत्त्वाचं: ईयाच्या मुख्य गल्लीत सार्वजनिक स्वच्छतागृह पटकन सापडत नाही, म्हणून वाहनतळावर उतरतानाच चालकाला जवळचं कुठलं ते विचारा. अक्रोतिरीत आहे.

चपला रबरी तळव्याच्या. ईयाची मुख्य वाट संगमरवरी फरशांची आहे, लाखो पावलांनी गुळगुळीत झालेली. कोरडी असतानाही कोल्हापुरी घसरते.

---

गलबत

फोटोबद्दल: जोडीने दिसणारे ते निळे घुमट आनास्तासी आणि आयिओस स्पिरिदोन या दोन चर्चचे. मुख्य गल्लीवरून समुद्राच्या बाजूला एक अरुंद बोळ फुटतो, त्यातून थोड्या पायऱ्या उतरलं की ती चौकट मिळते. सकाळी नऊलाही तिथे रांग असते, दहाला तर मोठीच. मुलीला घेऊन एकाने जावं. सासू-सासऱ्यांना पानागिया प्लात्सानी चर्चच्या चौकात बसवा. चौक मुख्य गल्लीवरच आहे, बसायला जागा आहे आणि कड्यावरून दिसणारं सगळं तिथूनही दिसतं. वाहनतळावरून चौकापर्यंत काही मिनिटांचीच चाल. घुमटांवर किंवा घरांच्या गच्चीवर चढायचं नाही, ती लोकांची राहती घरं आहेत. खालच्या घराची गच्ची म्हणजे वरच्याचं अंगण अशी रचना असल्यामुळे नकळतही माणूस कुणाच्या छपरावर जातो. ड्रोन न्यायचाच नाही.

दर गाडीमागे असतो, डोक्यामागे नव्हे. पाच जणांना सात आसनी व्हॅन लागते. चार-पाच तासांचे साधारण तीनशे ते सहाशे युरो असा पट्टा धरा. परवानाधारक गाईडचे त्यावर वेगळे. स्वस्त दिसणाऱ्या जाहिरातीत 'खाजगी' शब्दाखाली 'छोटा गट' दडलेला असू शकतो, म्हणून 'गाडीत आमच्याशिवाय कोणी नसेल' हे लेखी घ्या.

ईमेलमध्ये याच गोष्टी विचारा, जास्त लांबण नको: जहाजाचं नाव आणि तारीख देऊन त्यांना वेळापत्रक माहीत आहे का, बोटी उशिरा सुटल्या तर किती वेळ फुकट थांबणार, सव्वा वाजता फिरात सोडणार का, गाईडचा परवाना आहे का, आणि जहाज सँटोरिनीला थांबलंच नाही तर पूर्ण पैसे परत मिळणार का. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. इथे पावसाची भीती नाही, सप्टेंबर जवळजवळ कोरडाच असतो. भीती वाऱ्याची. एजियन समुद्रात उन्हाळ्यात उत्तरेकडून 'मेल्तेमी' नावाचा वारा सुटतो, जुलै-ऑगस्टमध्ये जोर जास्त आणि सप्टेंबरमध्ये ओसरतो, पण संपत नाही. जोर वाढला की बोटी भरणं धोक्याचं होतं आणि कप्तान सरळ पुढे जातो. जहाजाची सहल असेल तर पैसे आपोआप परत येतात. खाजगीत जे लिहून घेतलं तेवढंच मिळतं. म्हणून थोडी अनामत आणि बाकी पैसे त्या दिवशी, असं असेल तर उत्तम. आगाऊ पूर्ण रक्कम मागणारा असेल तर 'जहाज न थांबल्यास' हे शब्द पावतीवर हवेत. नुसतं '२४ तास आधी रद्द केल्यास' काही कामाचं नाही, वारा २४ तास आधी कळवत नाही.

आणखी एक खर्च डोक्यात ठेवा. जुलै २०२५ पासून ग्रीस क्रूझ प्रवाशांकडून उतरण्याचं शुल्क घेतं. सँटोरिनी आणि मिकोनोसला जून ते सप्टेंबर माणशी २० युरो, बाकी बंदरांना त्याच काळात ५. हे जहाज कंपनी वसूल करते. गाडीवाला 'बंदर शुल्क' म्हणून वेगळं मागू लागला तर देऊ नका.

---

उंबरठा

मुलगी गाढवावर बसायचंच म्हणतेय. परतीला रांग मोठी असेल तर मुलगी आणि तिचे बाबा पायऱ्यांनी उतरले तर?

---

आडवाटेचा

गाढव नको. २०१८ पासून १०० किलोपेक्षा किंवा जनावराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त भार लादायला बंदी आहे, पण मापायला तिथे काटा नसतो. उन्हात दिवसभर त्याच पायऱ्या. पायऱ्याही माणसांसाठी नाहीत म्हणावं अशा: रुंद, उतरत्या, गोटे बसवलेल्या, आणि त्यावर शेण-मूत. उतरताना मागून जनावरांचा कळप धावत आला की माणसाने भिंतीला चिकटायचं. दरीच्या बाजूला कधीही उभं राहू नका, धक्का त्याच बाजूला लागतो.

चालत उतरायला निरोगी माणसाला अर्धा तास पुरतो, बूट चांगले हवेत. बाबा आणि मुलगी पायी, तुम्ही सासू-सासऱ्यांसोबत केबल कारने, ही वाटणी चालेल. फक्त खाली एकमेकांची वाट बघायची जागा ठरवून ठेवा. खाली बंदरावर दोन-तीन जहाजांच्या रांगा वेगवेगळ्या असतात, पाटीवर आपल्या जहाजाचं नाव बघूनच उभं राहा. जहाजाचं कार्ड प्रत्येकाने आपापल्या खिशात ठेवायचं. पाचही कार्डं एकाच पर्समध्ये नकोत.

---

चुनखडी

उंबरठा, तुमच्या क्रूझमध्ये रोड्स बेट आहे का? असेल तर एक सुचवते. खाजगी गाईडचं बजेट एकाच ठिकाणचं असेल तर ते रोड्सला वापरा आणि सँटोरिनीला नुसती गाडी-चालक घ्या. रोड्सला जहाज थेट धक्क्याला लागतं, बोटी नाहीत, केबल कार नाही. उतरून थोडं चाललं की मध्ययुगीन कोटाची वेस. सेंट जॉनच्या सरदारांनी (धर्मयुद्धांच्या काळातला ख्रिस्ती लढवय्यांचा संघ) १३०९ ते १५२२ तिथे राज्य केलं. त्यांचा रस्ता, इस्पितळ (आता पुरातत्त्व संग्रहालय) आणि महाल सगळं कोटाच्या आत आहे. गाईडसोबत तीन तासांत आरामात होतं आणि मन भरलं की केव्हाही जहाजावर परत. फरसबंदी गोट्यांची आहे, सासूबाईंना काठी द्या. लिंडोसला मात्र नेऊ नका. किल्ला सुंदर आहे, पण ५० किलोमीटर जाऊन वर सगळा चढ आणि पायऱ्याच.

क्रीट बेटावरचं हेराक्लिओन बंदर असेल तर क्नोसोसच्या प्राचीन राजवाड्याला गाईड घ्या. बंदरापासून पाचेक किलोमीटरच आहे. तिथे आर्थर इव्हान्स यांनी १९०० पासून खोदकाम केलं आणि बराच भाग काँक्रीटने पुन्हा उभारला. मूळ काय आणि त्यांच्या कल्पनेतलं काय, हे सांगणारा माणूस सोबत हवाच.

---

उंबरठा

रोड्स आहे, आणि त्याच्या आदल्या दिवशी कुशादासी. चुनखडी, मग अक्रोतिरीलाही गाईड ठेवू की नको? दोन्हीकडे परवडेल, पण सासरे किती ऐकतील ही शंका आहे.

---

चुनखडी

मग अक्रोतिरीला पूर्ण पाच तासांचा गाईड घेऊ नका. फक्त उत्खननापुरता, फाटकाशी भेटणारा गाईड ठरवता येतो का ते ऑपरेटरला विचारा. ईयात आणि जेवताना त्याचं काही काम नसतं. वेळ मात्र घट्ट ठरवायला लागेल, पावणेअकरा म्हणजे पावणेअकरा. ईयातून निघताना चालकाने त्याला फोन करायचा असं सांगून ठेवा.

---

गलबत

कुशादासी वाचून थबकलो. ते तुर्कस्तान, म्हणजे शेंगेनच्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या) बाहेर. तिथे जाऊन रोड्सला आलात की शेंगेनमध्ये दुसऱ्यांदा प्रवेश. पाचही जणांचा व्हिसा किमान दोन प्रवेशांचा (डबल किंवा मल्टिपल एंट्री) आहे का, आजच बघा. अर्ज अजून करायचा असेल तर क्रूझचं बंदरवार वेळापत्रक जोडून दोन प्रवेश स्पष्ट दाखवा. सिंगल एंट्री असेल तर पिरेअसला चेक-इनच्या टेबलावरच अडवण्याची शक्यता असते. तुर्कस्तानच्या बाजूने भारतीय पासपोर्टला काय लागतं ते क्रूझ कंपनीकडून ईमेलवर घ्या, एजंटच्या तोंडी उत्तरावर राहू नका.